डार्बीचं अर्धं पाऊल

जत्रेत डार्बी लॉटन तंबूबाहेरच्या फळीवर उभा राहिला की माणसं घोड्यांची शर्यत सोडून आमच्या मुष्टियुद्धाच्या तंबूकडे वळत. मी फळीखाली ढोल बडवायचो आणि लढतीत त्याच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन बसायचो. त्याचा खेळ माझ्याइतक्या जवळून ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या क्वीन्सलँड प्रांतात कुणी पाहिला नसेल.

लोक त्याच्या डाव्या हाताचं कौतुक करत. हात चांगलाच होता. पण खरी करामत नजरेत आणि पायांत होती. मुष्टियुद्धाआधी तो गुरांच्या मळ्यावर रानटी घोडे माणसाळवायचा. लाथ मारण्याआधी घोड्याचा खांदा थरथरतो, हे तो तिथं शिकला. माणसाच्याही मुठीकडे तो कधी पाहत नसे, खांद्याकडे पाही. ठोसा पोचेपर्यंत डार्बी तिथून हललेला असे, आणि जाताजाता दाराची कडी लावावी इतक्या सहज त्याचा डावा हात समोरच्याच्या नाकावर पडे.

आमच्या तंबूचा एक रिवाज होता. गावचा गडी आव्हान देऊन आत आला की हातमोजे एकमेकांना दोनदा टेकवायचे. म्हणजे जपून खेळू. तो डळमळला की आपण अर्धं पाऊल मागे जायचं, त्याला सावरू द्यायचं. गडी त्याच्या माणसांसमोर लोळला तर ते गाव पुढच्या वर्षी तंबूत फिरकत नाही. गावोगाव, वर्षानुवर्षं डार्बी ते पाऊल मागे घेत राहिला.

मग ब्रिस्बेनला अजिंक्यपदाची लढत मिळाली. आठव्या फेरीत गतविजेत्याचे गुडघे वाकले. सगळं सभागृह उभं राहिलं. आणि डार्बी अर्धं पाऊल मागे गेला. गतविजेता सावरला, जिंकला. या माणसात धमक नाही, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. त्यांनी त्याचे पाय पाहिलेच नव्हते.

तिथून उतार लागला. डावा डोळा धुरकटला. हे फक्त मला ठाऊक होतं.

कनामुला गावच्या जत्रेत तंबूचा मालक बॅनन सकाळीच म्हणाला, "डार्ब, मागच्या गावात तू पडलास. आज पडलास तर तुझी पिशवी ट्रकवर चढणार नाही."

आम्हा काळ्या मूलनिवासींना तंबूच्या ट्रकवर काम होतं तोवरच वस्तीबाहेर राहायचा परवाना होता. ते काम सुटलं की पोलीस डार्बीला सरकारी वस्तीवर परत नेऊन सोडणार. तिथं सख्ख्या बहिणीला भेटायलाही साहेबाची परवानगी लागे.

मी ढोल धरला. बॅनन ओरडला, "कोण झोपवतंय डार्बीला?"

"मी!" लोकर कातरणारा रॉय केसिक गर्दीतून पुढे आला. खांदे बैलासारखे. "म्हातारा उभा राहील ना, की खुर्ची आणू?"

"आण की, बाळा," डार्बी फळीवरून म्हणाला. "तुलाच लागेल."

गर्दी हसली. मला हसू आलं नाही.

आत डार्बीनं मोजे पुढे केले. एकदा टेकवले. दुसऱ्यांदा टेकवणार तोच रॉयनं हात झटकला. "नाटक नको. खरं खेळ."

पहिल्या फेरीत रॉयचा उजवा हात धुरकट डोळ्याच्या बाजूनं येत राहिला. डार्बीच्या कानातून रक्त आलं. कोपऱ्यात मी त्याला पाणी पाजलं.

"दादा, दिसतोय का तो?"

"अर्धा दिसतोय."

"मग?"

"जेवढा दिसतोय तेवढ्याला मारतो. तू बाटली सांभाळ, भावा."

दुसऱ्या फेरीला जन्मभर डावा पाय पुढे ठेवणारा डार्बी उजवा पाय पुढे टाकून उभा राहिला. चांगला डोळा आता रॉयच्या खांद्यासमोर होता. रॉयचे ठोसे हवेत जाऊ लागले. तो चिडला, धापा टाकू लागला.

तिसऱ्या, शेवटच्या फेरीत मागे ठेवलेला तो डावा हात रॉयच्या बरगडीत घुसला. रॉयचे गुडघे वाकले.

"पुढे हो!" मी किंचाळलो. "दादा, पुढे!"

डार्बीचा पाय अर्धं पाऊल मागे गेला.

रॉयनं उरलंसुरलं बळ उजव्या हातात घातलं. ठोसा डार्बीच्या कानशिलावर बसला. त्याचे पाय लटपटले. पडता पडता त्यानं रॉयला मिठी मारली, आणि रॉयनंही त्याला धरलं, कारण त्याच्यातही उभं राहायचं त्राण नव्हतं.

"सोडू नकोस," डार्बी त्याच्या कानात म्हणाला. "नाहीतर दोघंही पडू."

रॉयनं सोडलं नाही. घंटा वाजेपर्यंत ते एकमेकांच्या गळ्यात पडून झुलत राहिले. लढत बरोबरीत सुटली. गाव खूश झालं. रॉयनं आपले मोजे डार्बीच्या मोज्यांना दोनदा टेकवले.

तंबू उतरवताना बॅनन आला. "गडी हातात आला होता. मागे का गेलास?"

"पायच मागे गेला," डार्बी म्हणाला.

बॅनननं त्याची पिशवी उचलून ट्रकमध्ये फेकली. डार्बी चढायला गेला. ट्रकचा दांडा त्याच्या डाव्या बाजूला होता. त्यानं हात टाकला, तो हवेत गेला. पुन्हा टाकला, पुन्हा हवेत. मी धावलो आणि त्याचा हात दांड्यावर ठेवला. मागे वळून पाहिलं तर बॅनन आमच्याकडेच बघत होता.

डार्बी वर चढून बसेपर्यंत तो थांबला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि ड्रायव्हरला गाडी सुरू करायला सांगितली.