चौथा कोपरा

भूत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला त्या लोकांत धराल. बारामतीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार जळली तर तिला कारण असतं, आणि ते सापडल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला सोडत नाही. पण एका गोष्टीचं कारण मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही... आणि त्या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक आहे, जी मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं कळंब. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असावं, एप्रिल महिना. माझी थोरली बहीण नंदाआक्का सांगवीहून माहेरी आली होती, सहा महिन्यांच्या सोनालीला घेऊन. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं हे तिचं पहिलं मूल. घरची कांदा काढणी चालू, त्यामुळं आई, आक्का आणि सात-आठ बायका दिवसभर रानातच असायच्या.

बांधावर दोन बाभळी होत्या. त्यांच्यामध्ये सोनालीसाठी जुन्या लुगड्याची लांब झोळी बांधलेली, आणि झोळीच्या वर हातभर उंचीवर एक जाड दोर. त्या दोराचं आढं करून त्यावर ताडपत्री छपरासारखी टाकायची आणि चारी कोपरे दोऱ्यांनी ओढून जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधायचे. आमचे आजोबा मेंढरांमागं फिरलेले, म्हणून वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, हातात ही बांधणी मुरलेली होती. एक कोपरा ओढला की पुढचा त्याच्या तिरका समोरचा ओढायचा, म्हणजे ताण सारखा बसतो. ताडपत्रीला पोट सुटलं की पाणी मुक्कामाला येतं, असं ते म्हणायचे.

त्या दिवशी तात्या बारामतीला गेले होते. ताडपत्रीचं काम माझ्याकडं. आणि दुपारी भारताची मॅच होती.

लाइट नव्हती. माझा मित्र खंडू याच्याकडं टीव्ही होता, पण तो चालवायला बॅटरी लागायची, आणि ती यायची आमच्या ट्रॅक्टरची. मी सकाळीच ती उतरवून सायकलच्या कॅरिअरला बांधली होती. बांधायला हाताशी जी नायलॉनची दोरी आली ती घेतली — ताडपत्रीच्या चार दोऱ्यांतली एक.

रानात गेलो तेव्हा ते ध्यानात आलं. तीन कोपरे बांधले. पश्चिमेचा चौथा उरला. कॅरिअरची दोरी सोडली असती तर बॅटरी न्यायची कशी? ऊन अजून डोक्यावर होतं, पश्चिमेकडून यायला वेळ होता. तो कोपरा मी उलटा वर फिरवून आढ्यावर टाकून दिला. मॅचच्या मध्ये येऊन बांधू म्हटलं.

निघताना कांद्याच्या वाफ्यातून आक्कानं विचारलं, "सुभ्या, चारी बांधल्यास का रं?"

"व्हय."

"वढून?"

"वढून," मी म्हणालो, आणि सायकलवर टांग टाकली.

साडेतीनच्या सुमाराला खंडूच्या घराचा पत्रा वाजायला लागला. आधी सुपारीएवढी गार, मग लिंबाएवढी... मग टीव्हीचा आवाजही ऐकू येईना. उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. खंडू म्हणाला, थांबंल पाच मिनटात. मी पाच मिनिटं थांबलो. हे लिहायला मला जड जातंय. दहा मिनिटं थांबलो असेन. मग खंडूच्या दारातलं घमेलं डोक्यावर धरून पळत सुटलो.

इकडं रानात काय झालं ते मला नंतर कळलं. पहिल्याच गारेला आक्का बांधाकडं धावली, वाफ्यात घसरली आणि कानशिलावर गार बसून पडली. बायकांनी तिला ओढत कांद्याच्या ट्रॉलीखाली नेलं. ती उठून पळू नये म्हणून आई तिच्या अंगावर जवळजवळ बसली होती.

मी बांधाशी पोचलो तेव्हा गारा चालूच होत्या. वाटेत कधीतरी घमेलं पडलं होतं, डोक्यातून रक्त येत होतं. झोळीकडं बघायचं धाडस होत नव्हतं. शेवटी बघितलं.

ताडपत्री चारी बाजूंनी ताणलेली होती.

तीन कोपऱ्यांना मी बांधलेल्या दोऱ्या होत्या. चौथा कोपरा खाली आलेला होता, खुंटीच्या दिशेला ओढलेला, आणि त्याच्या टोकाची पितळी कडी गुडघ्याच्या उंचीवर हवेत स्थिर होती. कडीपासून खुंटीपर्यंत काहीही नव्हतं... मधल्या जागेतून गारा सरळ खाली पडत होत्या. ताडपत्रीवर पडलेली प्रत्येक गार घसरून बाहेर जात होती. कुठंही पोट नव्हतं. तात्यांच्या हातानंसुद्धा इतका ताण मी कधी बघितला नव्हता.

वाऱ्यानं झालं असेल, असं तुम्ही म्हणाल. वारा पश्चिमेकडून येत होता, आणि कोपरा ओढलेला होता पश्चिमेकडंच, वाऱ्याच्या तोंडावर. त्या वाऱ्यानं तो उडवायला हवा होता.

सोनाली जागी होती. रडत नव्हती. मी आलो तरी तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ती त्या कोपऱ्याकडं टक लावून बघत होती.

मला भीती वाटली नाही. हे कुणाला पटत नाही, पण खरंच नाही वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात चुकून चपला घालून शिरल्यावर जसं वाटेल, तसं वाटलं. मी पुढं झालो आणि कडी धरली. पहिले काही क्षण माझ्या हातावर भारच आला नाही. मग हळूहळू, हिसका न बसता, सगळा ताण माझ्याकडं आला. इतका, की मला टाचा रोवून मागं झुकावं लागलं. गारा थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

आक्का धावत आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच — रक्तानं माखलेला भाऊ कोपरा धरून उभा आहे, आणि तिची पोर कोरडी आहे. तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. थोरल्या बहिणीनं!

मग ते गावात झालं, सांगवीत झालं. मामानं भाचीसाठी डोकं फोडून घेतलं. सोनालीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी मला व्यासपीठावर बोलावून फेटा बांधला. खरं सांगायची संधी मला दर वर्षी मिळाली, आणि दर वर्षी ती मी सोडली.

गेल्या महिन्यात आक्का गुडघे दाखवायला बारामतीला आली, आमच्याकडं राहिली. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच होतो. मी तिला बॅटरीची दोरी सांगितली. तीन कोपरे सांगितले. "व्हय" म्हणून खोटं बोललो तेही सांगितलं.

ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. म्हणाली, "ठाव हाय मला. ताडपत्री म्या गुंडाळली त्या दिवशी. तीनच दोऱ्या हुत्या."

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस.

"बोलून काय करू? तू धरून हुतास न्हवं." मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "पर तू आलास लई उशिरा. ट्रॉलीखालनं झोळी दिसत न्हवती, पर वाट दिसत हुती मला, सुभ्या. त्याच्या आदी कुणी धरलं हुतं?"

म्हणजे हा प्रश्न घेऊन तीही इतकी वर्षं बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. हवेतली कडी, वाऱ्याची दिशा, सगळं. शेवटी, जे स्वतःशीसुद्धा नीट बोललो नव्हतो तेही सांगितलं. कडी धरली त्या पहिल्या क्षणी ती हातात थरथरत होती. खूप वेळ ओझं धरून माणसाचा हात थरथरतो ना... तशी.

"दमलं हुतं?" आक्कानं विचारलं.

"व्हय. लई दमलं हुतं."

ते काय होतं, मला माहीत नाही. विज्ञानातलं कुणी वाचत असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचेन.

आक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि कुठल्या हातानं कडी धरली होती ते विचारलं. मी उजवा हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू दाबत राहिली, रानातून दमून आलेल्या माणसाचा दाबावा तसा. ती माझ्याकडं बघत नव्हती.