गोवऱ्यांवर औंढ्याला

आमची कपिला गाय विताना अडली, तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, औंढ्याच्या नागनाथाला रोडग्यांचा नैवेद्य बोलला. गाय सुटली, कालवड झाली, आणि बोललेलं फेडायची वेळ आली. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे. नवस कपिलेचा, म्हणून गोवऱ्याही तिच्याच शेणाच्या हव्यात. शिवाय त्या दिवशी नैवेद्य दाखवेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असंही ही बोलून बसली होती.

"बैलगाडीनं जाऊ," ती म्हणाली.

"मोटारीनं जाऊ. सकाळी बसलो की दुपारच्या आत देवळात," मी म्हणालो. पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं.

आदल्या दिवशी कळमनुरीकडून बैलगाडीनं हिंगोलीला आलो आणि धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी मोटार पाहिली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीवर माणसाएवढी लोखंडी टाकी बसवली होती. टाकीत कोळसा पेटवायचा, शेजारचा पंखा हातानं फिरवायचा, मग आतला वायू नळीनं इंजिनात जातो. जाणाऱ्यांनी पांढरं धोतर नेसू नये, मागच्या बाकावर बसू नये आणि ड्रायव्हरच्या नजरेला नजर देऊ नये. जो देतो, त्याला पंखा फिरवावा लागतो. मी तिन्ही गोष्टी केल्या. भाडं हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात घेतात.

ड्रायव्हर करीमभाई मोटारीशी लेकीसारखं बोलत. "चल बेटी, रूठ मत." बेटी खोकत खोकत निघाली. वाटेत एका फाट्यावर पटकेवाला माळी उतरला. टपावरून आपलं पोतं ओढून त्यानं पाठीवर घेतलं आणि शेतात दिसेनासा झाला.

औंढ्याअलीकडच्या चढाला मोटार दमली. करीमभाईंनी कोळसा घालायला टपावरचं पोतं काढलं, तोंड सोडलं आणि डोक्याला हात लावला.

"या अल्ला! वांगी!"

माळी कोळसा घेऊन गेला होता.

"टाका की वांगीच," पुढच्या बाकावरचे पाटील म्हणाले. "तुमची बेटी काय खाती, काय न्हाई, कोणाला ठावं!"

सगळे हसले. मी हिच्याकडे पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं, तिचे ओठ सुकले होते, आणि चालत चढ चढायचा म्हटलं तर ती वाटेतच बसली असती. तेवढ्यात करीमभाईंची नजर तिच्या पायाजवळच्या पोत्यावर गेली.

"भाभी, त्यात काय हाय?"

"देवाच्या गोवऱ्या."

"थोड्या द्या. तकलीफ माफ करा, पण दुसरा इलाज न्हाई."

"अन् रोडगे कशावर भाजू? तुमच्या वांग्यांवर?"

  गोवऱ्या दिल्या तर नैवेद्य राहतो, न दिल्या तर देवच राहतो. मी काही सुचवणार होतो, पण मोटारीनं जायचंही मीच सुचवलं होतं.

तिनं उतरून टाकी नीट पाहिली आणि विचारलं, "या टाकीत याआधी काय काय जाळलं?"

"निस्ता बाभळीचा कोळसा. कसम."

"मग पायतलं जोडं काढा. देवाचा इस्तू पेटणार हाय."

करीमभाईंनी निमूटपणे जोडे काढले. हिनं टाकीला हात जोडले आणि गोवऱ्या मोडून स्वतःच्या हातानं आत घातल्या. पंखा अर्थात मी फिरवला. मोटारीनं असा धूर सोडला की आत बसलेले सगळे कोणी मेल्यासारखे रडू लागले. पाटील उतरून पायी चालू लागले आणि शेवटपर्यंत आमच्या पुढेच राहिले. पण मोटार पोचली.

औंढ्याच्या देवळातली कोरीव कामं सावकाश पाहावीत. नंदी समोर शोधू नये, तो देवळाच्या मागच्या अंगाला आहे. त्या दिवशी मात्र ही मोटारीतून उतरून रिकामं पोतं मांडीवर घेऊन बसली होती. करीमभाईंनी सळईनं टाकीचं खालचं दार उघडलं. लालबुंद निखारा भसकन् खाली आला.

"घ्या भाभी. तुमचाच हाय."

ती उठून उभी राहिली. मला शंका आली. "अगं, मोटारीनं आधी खाल्लं. उष्टा झाला न्हाई का?"

"इस्तू कवा उष्टा होतो व्हय? पोथ्या वाचून एवढं ठावं न्हाई?"

रोडगे तिथंच, मोटारीच्या पाठीशी भाजले. चंपाषष्ठी उलटून गेली होती, वांगी चालत होती, तीही भाजली. करीमभाई अजून अनवाणीच, कुत्री हाकलत उभे. नैवेद्य दाखवून तिनं तांब्या तोंडाला लावला. मग मीही पाणी प्यालो. सकाळपासून मीही प्यालो नव्हतो, हे तिला सांगितलं नाही.

औंढ्यात कोळसा घेऊन परत निघालो, तर फाट्यावर माळी पोतं घेऊन उभा. तोंड, हात, पटका, सगळं काळं.

"माझी वांगी कुठं हायेत?"

 हिनं पानावर दोन रोडगे आणि भरीत खिडकीतून पुढे केलं. "ही घ्या. देवाला दावलीत."

त्यानं घास घेतला, चावला, विचार केला. "मीठ कमी हाय," म्हणाला आणि कोळशाचं पोतं टपावर चढवून दिलं.

धोतर पुन्हा पांढरं झालं नाही. गावात ही सगळ्यांना सांगते, "आमच्या कपिलेनं मोटार ओढली, पार औंढ्याच्या चढावर." सुरुवातीला मी लोकांना टाकी, पंखा, नळी समजावून सांगत असे. आता सांगत नाही. बायका गोठ्यात डोकावून गाईला हात जोडतात, गाय रवंथ करत राहते. मीही पुष्कळ विचार करून पाहिला. हिच्या बोलण्यात चूक सापडत नाही.