चार बोटं जास्तीची

ऑपरेशन थिएटरात त्याला सगळे 'आखूडशेठ' म्हणत. हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालते तेव्हा रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरवायचं, हे त्याचं काम. यंत्राच्या नळ्या आधी सलाइनने भराव्या लागतात. नळी जितकी लांब तितकं सलाइन जास्त, आणि तितकंच पेशंटचं रक्त पातळ. म्हणून लांब नळी दिसली की या गृहस्थाचे हात शिवशिवत. घरी बागेचा पाइपसुद्धा त्याने सवयीने छाटून टाकला होता. शेवटच्या तीन कुंड्यांना बायको तेव्हापासून मगाने पाणी घाली आणि दर मगामागे त्याचा उद्धार करी.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मात्र त्याची थट्टामस्करी बंद झाली. बाईंचं वजन अडतीस किलो, हिमोग्लोबिन जेमतेम दहा. त्यात त्यांना जुळणारं रक्त मिळता मिळेना. ढीगभर फोन केल्यावर एकच पिशवी हाती लागली. ती ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावासाठी राखायची होती. यंत्रावर असतानाच हिमोग्लोबिन सातच्या खाली घसरलं तर ती पिशवी तिथेच संपणार, आणि पुढे गरज पडली तर हात चोळत बसायचं.

आदल्या दिवशी तो बाईंचं वजन पुन्हा करायला गेला.

"माप घ्यायला आलात?" बाई हसल्या. "एरवी मी घेते लोकांची मापं. तुम्ही काय शिवणार?"

"शिवणार डॉक्टर. मी नुसती नळी कापतो. तुमच्यासाठी चांगली आखूड."

"मग चार बोटं जास्तीची ठेवा हो. एकदा कापलं की कापलं."

आता आपल्यालाच आपलं काम शिकवतात म्हणून त्याला जरा रागच आला.

सकाळी त्याने यंत्र टेबलाला जवळजवळ चिकटवलं.

"माझ्या मांडीवरच बसा आता!" सर्जन कुरकुरले. "कोपर हलवायला जागा नाही मला."

"कोपर तुम्ही सांभाळा सर, रक्त मी सांभाळतो."

नळीचा दीड हात तुकडा काढून टाकायचा, म्हणून त्याने टोकापासून मोजून खूण केली. कात्री लावताना बाईंचं बोलणं डोक्यात घोळू लागलं. मनातल्या मनात चरफडत त्याने खुणेच्या चार बोटं अलीकडे कापलं; नळी तेवढी लांब राहिली. नळ्यांत उरलेलं बरंचसं सलाइनही त्याने बाईंच्याच रक्ताने मागे ढकलून बाहेर काढलं. हिमोग्लोबिन सात पूर्णांक सहावर टिकलं.

तासाभराने सर्जन वळले आणि त्यांचं कोपर नळीत अडकलं. नळी ताठ ताणली गेली. पण जोड सुटला नाही. चार बोटांची ढील पुरली.

रक्ताची पिशवी न उघडता रक्तपेढीत परत गेली.

आठव्या दिवशी बाई घरी निघाल्या. त्यांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. "किती कापलीत हो शेवटी?"

त्याने खिशातून नळीचा कापून टाकलेला तुकडा काढला. बाईंनी तो सराईतपणे हातावर मोजला. "दीड हाताला थोडी कमी."

"चार बोटं कमी," तो म्हणाला आणि त्याने कोपराची हकीकत सांगितली. "तुम्ही म्हणाला नसता तर मी खुणेवरच कापलं असतं."

सुईने खरबरीत झालेली आपली चार बोटं बाई बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी आखूडशेठ बागेसाठी नवा पाइप घेऊन घरी गेला.