हिरूदादाचे तीन दगड

भाद्रपदातली दुपार होती. मागच्या खोलीत माझा डोळा लागला होता आणि झोपेतच दगड घडवायच्या टाकीचा आवाज येत होता... टक्, टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्. आमचा गवंडी हिरूदादा असाच थांबायचा. "चहा ठेवते हो," मी झोपेतच म्हटलं. जागी झाले तर दाराची कडी वाजत होती. बाहेर त्याचा मुलगा गणू, डोकं भादरलेला. "बाबा गेलं, वयनी," एवढंच म्हणाला. तेरावंही उरकलं होतं. मला आधी कुणी कळवावं तरी का? मी त्याची कोण? त्यानं बांधलेल्या घरात राहणारी बाई, बस्स.

स्वातंत्र्यानंतर चारेक वर्षांनी आम्ही पनवेलच्या टोकाला हे घर बांधायला काढलं. आमच्या ह्यांना विटांचं हवं होतं, झटपट. हिरूदादा म्हणाला, "मास्तर, वीट पानी पिते. दगड नाय पीत. आनि चैतात या खोलीत बसा, मंग सांगा मला." पनवेलचा पाऊस आणि चैत्राचा उकाडा, दोन्ही ह्यांना ठाऊक; दगडाचंच ठरलं. कर्नाळ्याच्या बाजूच्या खाणीतून काळा दगड आला. एकेक दगड तो किती वेळ नुसता बघत बसायचा, या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचा. खाणीत जसा निजला होता तसाच भिंतीत निजवायचा म्हणे, उभा केला की रुसतो. मी एकदा शहाणपणानं टाकीच्या घावांचं आणि देवपणाचं काहीतरी ऐकवलं. "आमचा दगड भिंतीत जातो, वयनी, देवलात नाय," तो हसला. भिंत म्हणजे दोन अंगं, मध्ये चुना आणि दगडाच्या चिपा. दर थोड्या थरांनंतर आरपार जाणारा एक लांब दगड घालायचा, तोच दोन्ही अंगांना धरून ठेवतो. "नवरा-बायकोत पोर असतं ना, तसा," तो सांगायचा.

मागच्या खोलीची भिंत चढत होती तेव्हाच तो भाचीच्या हळदीला उरणकडे गेला. त्यांच्याकडची हळद लग्नाहून मोठी, तीन दिवस माणूस हाती लागत नाही. त्या तीन दिवसांत त्याच्या जोडीदारांनी भिंत पार वरपर्यंत नेली, ते लांब दगड न घालताच. त्यानं घडवून ठेवलेले तिन्ही दगड अंगणात जसेच्या तसे! परत आला, दगड पाहिले आणि सरळ माझ्याकडे आला. "वयनी, भिंत उतरवतो. आठ दिस द्या." वास्तुशांत चार दिवसांवर आलेली, आमंत्रणं गेलेली, माहेरची माणसं निघालेली. मी कडाडले, "मुहूर्ताच्या तोंडावर घर पाडतोस? जीभ तरी कशी रेटली तुझी!" तो म्हणाला, "पूजा जाली का मी हात नाय लावायचा. तुमी सांगाल तवाच." ते तीन दगड त्यानं अंगणातल्या भेंडीच्या डेरेदार झाडाखाली ओळीनं मांडले. "ऱ्हाऊ द्या. लागतील."

मी कधीच सांगितलं नाही. दर वर्षी दसरा झाला की तो ओळंबा घेऊन यायचा, वरून दोरा सोडायचा, भिंतीवर तळहात टेकून उभा राहायचा. "काढलंय का पोट तुझ्या भिंतीनं?" मी चिडवायची. "नाय. अजून तं नाय." आणि माझ्याकडे बघत राहायचा... कशासाठी ते मला कळायचं. मी चहा टाकायला उठायची. त्या दगडांवर बसून मी वाल सोलले, केस वाळवले, पापड घातले; चैत्रात त्या गार खोलीत सुखानं झोपले. तो गेला त्याच्या आदल्या दसऱ्याला त्याची नजर अधू झाली होती. "वयनी, तुमीच बगा, दोरा भिंतीला टेकतो काय?" टेकत होता. मधोमध, बोटभर जागेत भिंतीनं पोट काढलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे उतरवलेलं छप्पर आलं, घरभर धूळ, आणि मी म्हटलं, "नाही रे." त्यानं तळहात भिंतीला लावला, पुष्कळ वेळ लावून ठेवला. "थंड हाय," म्हणाला आणि ओळंबा गुंडाळला. त्याला हातानं कळलं होतं की नाही, देव जाणे. मला आजही त्या खोट्याची लाज वाटते.

गणू त्या दुपारी निरोप सांगून निघाला तेव्हा मी त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "पाऊस सरला की ये. तुझ्या बापाची भिंत उतरवायचीय." दसऱ्यानंतर छपराला टेकू देऊन त्यानं भिंत उतरवली आणि बापाच्याच दगडांनी पुन्हा बांधली. ते तिन्ही दगड बरोब्बर बसले, टाकीचा एक घाव घालावा लागला नाही. त्यांची तोंडं खोलीत दिसतात, त्यांवर मी गिलावा करू दिला नाही. भेंडीखाली आता तीन पांढुरक्या चौकटी उरल्यात, तिथं गवत उगवलेलं नाही.

काल गणूनं बापाचा ओळंबा आणला, वर चढून दोरा सोडला. "वयनी, टेकतो काय?"

"नाही रे," मी म्हटलं. या खेपेला खरंच टेकत नव्हता. मी भिंतीला तळहात लावला... थंड होती. मग तिथेच उभी राहून मी पोटभर रडले.