हल्द्वानीच्या बाजारात आदल्या दिवशी आलेली बाई

सगळ्यात आधी एक सांगते – या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर संध्याकाळच्या चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आलेय. खरे कधी मानले नाहीत. मी रेगेन्सबर्गला गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. जी एरर पुन्हा करून दाखवता येत नाही ती आम्ही धरतच नाही, असा सगळा स्वभाव. त्यामुळे हे लिहायला दोन हिवाळे गेले. आणि माझ्या नवऱ्याला, सौरभला, मी हे लिहितेय ते आजही फारसं पटलेलं नाही.

सौरभच्या टीममधला हेमंत मूळचा हल्द्वानीचा. त्याचं लग्न डिसेंबरात ठरलं, तेव्हा ख्रिसमसच्या सुट्टीला जोडून आम्ही उरलासुरला उरलाउब, म्हणजे रजा, घेतला आणि निघालो – मी, सौरभ आणि आमची इरा. इरा तेव्हा सहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच. निघायच्या थोडं आधी मी बर्फावरून घसरले होते, त्यामुळे डाव्या मनगटावर डॉक्टरांनी दिलेला काळा पट्टा होता. म्युनिकहून विमान, दिल्लीला संध्याकाळी उतरलो, तिथून रात्रीची ट्रेन, आणि सकाळी हल्द्वानी. हा क्रम नीट लक्षात ठेवा.

हल्द्वानी म्हणजे कुमाऊँच्या डोंगरांचा पायथा. वरच्या गावांतले लोक लग्नाचा बस्ता, लोकर, भांडी, सगळं घ्यायला इथेच खाली उतरतात. गल्लीच्या टोकाला बघावं तर डोंगर भिंतीसारखा उभा, आणि गल्लीत मात्र पाऊल टाकायला जागा नाही. रेगेन्सबर्गच्या शांततेतून येऊन त्या गर्दीत शिरलो आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. हेमंतच्या आईंनी दुपारी आराम करायला सांगितलं होतं, पण मला शाल घ्यायची होती. म्हणून जेवण झाल्यावर आम्ही तिघं बाजारात गेलो.

लोकरीच्या कपड्यांचं एक दुकान होतं. गल्ल्यावर साठीच्या आसपासची एक बाई, डोक्यावरून पदर, नाकात मोठी फुली. मी पायरी चढले तशी ती उठूनच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या इराकडे. आणि तिचे डोळे भरून आले.

"मिल गई बच्ची?" तिने विचारलं.

मी हसले. म्हटलं, कोणीतरी दुसरी असेल, आम्ही आजच आलोय. ती म्हणाली, असं कसं, काल याच वेळेला तुम्ही धावत आला होतात, मुलगी हरवली म्हणून. तिने इराच्या गालावरून हात फिरवला आणि देवाचे आभार मानले. मी शाल न घेताच बाहेर पडले. सौरभ म्हणाला, "अगं, रोज हजार बायका येतात तिच्याकडे." मलाही तसंच वाटलं.

पुढच्या चौकात संत्रीवाला बसला होता. त्याने मला बघितलं, हातातला तराजू खाली ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. शब्दही तेच... मिल गई बच्ची?

आता मात्र मी थांबले. मी त्याला विचारलं, कोण बच्ची? तो गोंधळला. म्हणाला, तुम्हीच तर काल सांगत होतात, पिवळं जाकीट घातलेली मुलगी, इरा नाव. हिंदी तुमची अशीच अडखळत होती. आणि त्याने माझ्या मनगटाकडे बोट केलं – हाताला हेच काळं बांधलेलं होतं.

इराच्या अंगावर पिवळं जाकीट होतं. आमच्या रेगेन्सबर्गला किंडरगार्टनच्या मुलांना घालतात ना, चमकत्या पट्टीचं, ते. आणि आदल्या दिवशी त्या वेळी आम्ही विमानात होतो... कुठल्यातरी देशावरून उडत होतो आणि इरा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

मी विचारलं, मग ती बाई गेली कुठे? तो म्हणाला, मागच्या गल्लीने नहरेकडे, म्हणजे कालव्याकडे गेली. परत आलेली काही दिसली नाही.

मी सौरभला म्हटलं, आपण आत्ताच्या आत्ता घरी जाऊ. तो वैतागला. जेटलॅग, गर्दी, कुणीतरी थट्टा करतंय, अशी कारणं त्याने एकामागून एक सांगितली. जाकीट आत्ता समोर दिसतंय, नाव आपण हाक मारताना ऐकलं असेल, यात आहे काय, असं त्याचं म्हणणं. पण माझा चेहरा बघून तो निघायला तयार झाला. इराचा एक हात त्याच्या हातात, दुसरा माझ्या. असे आम्ही गल्ली पार करत होतो.

समोरून गाद्यांनी लादलेली हातगाडी आली, मागून एक स्कूटर. सगळे भिंतीला चिकटले. माझ्या दुखऱ्या हाताला गाडीचा दांडा लागला आणि कळ थेट डोक्यात गेली, म्हणून मी हात सोडला. सौरभला कुणीतरी ढकललं. गाडी पुढे गेली. इरा नव्हती.

तो क्षण मला लिहिता येत नाही. सौरभ मोठ्या रस्त्याच्या दिशेने धावला, तिकडे वाहनं होती, त्याची भीती त्याला जास्त होती. मी उलट वळले. समोर दिसेल त्याला विचारत सुटले – पीला जैकेट, छोटी लड़की, इरा नाम है। लोकरीच्या दुकानासमोर आले तर ती बाई पायरीवर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तेच बोलत होते... पिवळं जाकीट, छोटी मुलगी, इरा नाव. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की हेच शब्द हिने काल ऐकलेत. माझ्याच तोंडून.

ती हळू आवाजात म्हणाली, "कल आप पहले बस अड्डे गई थीं. बहुत देर कर दी थी."

बस्स, एवढंच. मी बस स्टँडकडे वळायच्या बेतातच होते. खरंच होते, कारण मुलं बसकडे ओढली जातात असं मला वाटलं होतं. तिचं वाक्य ऐकलं आणि मी मागच्या गल्लीत शिरले.

नहर तिथून जवळच निघाली. बरीचशी वरून झाकलेली आहे, पण एका जागी दुरुस्तीसाठी फरशा काढलेल्या होत्या. पाणी भरपूर आणि जोरात. वरून एक अरुंद फळी टाकलेली. त्या फळीवर इरा उभी होती. एक पाय फळीवर, दुसरा उचललेला, नजर पलीकडे, आणि हात असा वर... आपण कुणाला "आले, आले" म्हणून करतो तसा.

मी हाक मारली नाही. का नाही, माहीत नाही. हाक मारायची नाही, एवढंच डोक्यात होतं. चपला काढल्या, मागून गेले आणि जाकिटाची टोपी धरून तिला खेचलं. आम्ही दोघी चिखलात बसलो. फळी हलली, एका बाजूने सरकली आणि पाण्यात गेली.

इरा रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, "माम्मा, डू वार्स्ट डॉख द्रूबेन." म्हणजे, तू तर तिकडे होतीस ना.

मी विचारलं, कुठे? तिने पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे वाळत घातलेल्या दोन चादरी होत्या, बाकी कुणी नव्हतं. ती म्हणाली, तू तिथून मला हाका मारत होतीस, रडत होतीस, म्हणून मी येत होते.

लग्नाला आम्ही शेवटपर्यंत थांबलो. हेमंतच्या घरी फक्त इरा हरवली आणि सापडली एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी सौरभला घेऊन त्या दुकानात गेले. त्याने स्वतः त्या बाईला उलटसुलट विचारलं. तिने काहीही वाढवून सांगितलं नाही. आदल्या दिवशी नहरेत काही झालं का, कुणाचं मूल गेलं का, हे हेमंतच्या भावाकरवी चौकीवरही विचारून घेतलं. काही नाही. कुठलीच तक्रार नव्हती.

सौरभचं म्हणणं, माझ्यासारखी दिसणारी कुणीतरी असेल आणि बाकीचं लोकांनी माझ्याच बोलण्यातून उचललं. असेलही. पण तो संत्रीवाला बोलला तेव्हा इरा हरवलेली नव्हती.

मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. आदल्या दिवशी आलेल्या, माझ्यासारख्या त्या बाईमुळे मला नहर कळली, मी वेळेत पोहोचले. आणि इरा त्या फळीवर गेली तीही त्याच बाईच्या हाकेमुळे. तिने माझी मुलगी वाचवली की ओढून नेली? सुरुवातीला मला तिची भीती वाटायची. आता नाही वाटत. आता वाटतं, ती कुणाला ओढत नसेल... ती फक्त आपल्या इराला शोधत असेल आणि तिला माझी दिसली असेल.

इरा आता आठ वर्षांची आहे, पोहायला शिकतेय. मला माझी मुलगी मिळाली. त्या बाईला तिची मिळाली का, ते मला कोण सांगणार?