अत्तर मारलेला भात

जेवण आटोपलं की गजभिये काका बेसिनवर जात, साबणाला हात न लावता नुसत्या पाण्याने हात धुवत आणि ओली बोटं नाकापाशी नेऊन डोळे मिटत. गल्ल्यावरचा मालक तेवढ्यापुरता फोनवर बोलायचा थांबे. मग काका टेबलापाशी परत येत आणि एकच शब्द बोलत. "पास" नाही तर "रिजेक्ट". दुसराच शब्द जास्त वेळा ऐकायला मिळे. त्यात काकांचा दोष नव्हता. भंडारा शहरात हल्ली जे काही उघडतं, त्यातलं निम्मं माणसाच्या पोटात जाण्याच्या लायकीचं नसतं, आणि हे मी खाऊन सांगते आहे.

हे दोन शब्द त्यांनी नोकरीतून आणले होते. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात त्यांचा जन्म तपासणी विभागात गेला. तिथे ते काय तपासत हे त्यांनी कधी सांगितलं नाही, विचारलं की म्हणत, "सरकारी गोष्ट आहे, तू आपला समोसा खाय." निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी शहरातली हॉटेलं, गाडे आणि किराणा दुकानातली नवी नवी पाकिटं धरली.

आमची गाठ पडली बसस्थानकाबाहेर. मी पत्रकं काढते. कचोरीच्या काळ्या तेलाविरुद्धचं पत्रक तेव्हा मी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोंबत होते. 'नागरिकांनो, जागे व्हा' असा मथळा होता. पांढरा शर्ट घातलेला एक उंच म्हातारा थांबला. त्याने पत्रक शेवटपर्यंत वाचलं, जे त्याआधी कोणीच केलं नव्हतं, आणि मला विचारलं, तू ही कचोरी खाल्ली का. मी म्हटलं, असली घाण मी कशाला खाऊ?

"मंग लिवलं कायले? पयले खाय. घशाशी आलं तं लिव."

आणि त्यांनी खरोखर मला ती कचोरी खायला लावली. तेल टाळूला मेणासारखं चिकटलं. संध्याकाळपर्यंत मळमळत होतं, आणि ढेकर आली की आदल्या आठवड्यातले सगळे भजे त्या तेलात पुन्हा तळले गेल्यासारखे वाटत. त्या रागात मी नवं पत्रक लिहिलं. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले की आता याला वास आला, पहिलं तं नुसतं बोंबलणं होतं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले.

नवं काही उघडलं की माझ्या स्कूटरवर मागे काका, आणि आम्ही निघालो. काय काय गिळलं आम्ही. नारिंगी रंगाचं मंचुरियन, ज्याने नखं दोन दिवस नारिंगी राहिली. निळं सरबत, ते पिऊन एक अख्खं कुटुंब एकमेकांना निळ्या जिभा दाखवत हसत होतं. लहान लेकरालाही पाजत होतं. 'घरगुती' म्हणून विकलेला मसाला, ज्यात विटेची चव होती. आंब्याचं पेय, ज्यातला आंबा फक्त पाकिटावर होता. एका चकचकीत हॉटेलात मी हात धुवायला मागे गेले, तर मोरीत ताटं ज्या पाण्यात बुचकळत होते त्यावर साय धरली होती. त्याच हॉटेलात समोरच्या टेबलावर एक पोट्टा मोबाईल उभा करून, डोळे फिरवून, बोटं चाटत 'एक नंबर, एक नंबर' म्हणत होता. त्याचं ताट फुकटचं होतं. मोरीतलं पाणी त्याला कोणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी तो म्हणाला असता तेच.

काका मालकाला खाली मान घालायला लावत, पण आवाज चढवत नसत. एकदा पनीरचा तुकडा त्यांनी बोटांनी उचलून टेबलावर टाकला. तो उडाला. काकांनी शांतपणे विचारलं, "शेठ, हे खावाचं आहे का खेळाचं?"

शेठ म्हणाला, काका, कस्टमर लाईक करते.

"कस्टमरले दुसरं भेटूनच नाही राहिलं, तं तो काय करीन बाप्पा."

कुठेही गेलो तरी काका मधल्याच टेबलावर बसत. कोपरा रिकामा असला, पंखा कोपऱ्यात असला, तरी मधलाच टेबल. मला वाटे, म्हाताऱ्याला मिरवायची हौस आहे. एकदा मी तसं म्हटलंही. ते म्हणाले की त्यांच्या आज्याचा कप गावच्या हॉटेलात आत यायचाच नाही. बाहेर खुंटीला टांगलेला असायचा, आजा तो स्वतः काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन धुवून परत टांगायचा. "म्हणून मी मधात बसतो. सगळ्यांनं पाह्यलं पाहिजे, गजभिये जेवून राहिला." त्यानंतर मी टेबलावरून त्यांना पुन्हा छेडलं नाही.

हळूहळू शहरात एक रीतच पडली. नवं हॉटेल उघडायचं तर पहिलं ताट गजभिये काकांना. मालकांचा हिशेब सरळ होता: हा माणूस नंतर येऊन रिजेक्ट म्हणण्यापेक्षा आधीच बोलावलेला बरा. काकांना तो हिशेब कळत होता. तरी बोलावणं आलं की ते शर्टाला इस्त्री करत. बापजाद्यांचा कप ज्यांनी बाहेर टांगला, त्यांच्या नातवांनी पहिलं ताट समोर ठेवावं, याची किंमत मला माझ्या पत्रकात कधी नीट लिहिता आली नाही. पण काका ताटापुढे झुकले नाहीत. ज्यांनी हार घातला त्यांनाही हार गळ्यात असतानाच रिजेक्ट म्हणाले. म्हणून तर लोकांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. मुलीचं लग्न असलं तरी माणसं आधी त्यांना विचारत, मग आचारी ठरवत.

मग रंजूताईचं हॉटेल आलं.

रंजूताई काकांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा प्रमोद चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, स्वतःचाच. तिथलं काम सुटलं, ट्रक विकला आणि दोघांनी महामार्गाला लागून हॉटेल टाकलं. हातात दुसरं काहीच नव्हतं. हे चाललं नाही तर पुण्यातल्या कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर प्रमोदने उभं राहायचं आणि रंजूताईने भाड्याच्या खोलीत दिवस काढायचे, असं घरात ठरलेलं होतं. काकू गेल्यापासून काका एकटेच होते. पोरगी पुण्याला गेली तर महिना महिना तिचं तोंड दिसणार नव्हतं.

हॉटेलच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'भंडाऱ्याची शान, चिन्नोर थाळी'. चिन्नोर म्हणजे आमच्या धानपट्ट्यातला बारीक, सुवासिक तांदूळ. घरात शिजत असला की गल्लीतून जाणाऱ्याला कळतं. आता खरा चिन्नोर पिकवणारे थोडे, आणि जे पिकवतात ते पोतं बांधून व्यापाऱ्याला देतात आणि स्वतः जाडा तांदूळ खातात. तरी नावावर गिऱ्हाईक येतं.

उद्घाटनाला बुद्धवंदना झाली, फीत कापली, आणि मधल्या टेबलावर काकांपुढे ताट आलं. मी शेजारीच होते. स्वयंपाकघरात भात शिजत होता तेव्हा कसलाच वास नव्हता. ताट समोर आलं आणि वास एकदम नाकात घुसला, न्हाव्याच्या दुकानातल्या पावडरीसारखा गोड आणि चिकट. मला पहिल्याच घासाला उमासा आला. साधा तांदूळ होता, त्यावर बाटलीतलं अत्तर मारलं होतं. धानाच्या जिल्ह्यात, धान पिकवणाऱ्या लोकांना, भातावर अत्तर मारून खायला घालत होते, आणि चारी बाजूंना लोक मिटक्या मारत होते.

काकांनी ताट संपवलं. बेसिनवर गेले, हात धुतले, बोटं नाकाशी नेली. खऱ्या चिन्नोरचा वास पाण्याने निघून जातो, अत्तराचा बोटांवर राहतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी ते बेसिनपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. रंजूताई नव्या साडीत गल्ल्यापाशी उभी होती. तिची नजर बापाच्या तोंडावर खिळली होती.

काका परत आले आणि म्हणाले, "पास."

टाळ्या पडल्या. कोणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला. मी ताट तसंच टाकून बाहेर पडले.

काका मागोमाग आले आणि स्कूटरपाशी उभे राहिले. मी म्हटलं, काका, तो भात काय होता तुम्हाला कळलं नाही? ते म्हणाले, कळलं. मी म्हटलं, मग? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांच्या हॉटेलांवर तुम्ही काट मारली, त्यांना पोटं नव्हती?

"माह्या तोंडातून नाही निघालं ना, पोरी. ती पाहून राहिली होती." मग म्हणाले, "तू लिव. माहं नाव टाकून लिव. म्या पास केलं, हे बी लिव. पण पयलं पत्रक रंजूच्या हातात दे. तिले दुसऱ्याकडून नको कळाले."

मला किळस आली होती. भाताची होती, आणि खरं सांगते, त्यांचीही होती. मी लिहिलं. नाव टाकून लिहिलं. आजपर्यंतच्या पत्रकांत सगळ्यात कमी शब्दांचं ते आहे. छापून आणल्यावर पहिली प्रत घेऊन मी हॉटेलात गेले, आणि काकांचाच नियम म्हणून पुन्हा एकदा ती थाळी खाल्ली. वास तोच. मग पत्रक रंजूताईपुढे ठेवलं.

तिने ते वाचलं. मला वाटलं होतं ती फाडेल, नाही तर रडेल. तिने विचारलं, बाबा तुझ्याशी बाहेर काय बोलले. मी सांगितलं.

"म्हणजे बाबाले कळलं होतं," ती म्हणाली. "म्या महिनाभर यांच्याशी भांडली. बाटली नको म्हटलं. हे ऐकून नाही राहिले. शेवटी म्या म्हटलं, उद्घाटनाले बाबा येतीन, त्यायच्या नाकातून हे सुटत नाही, मंग तरी ऐकान का. हे म्हणे, हो, त्यायनं रिजेक्ट केलं तं फेकून देतो. म्या बाबाच्या भरोशावर होती."

ती आत गेली. प्रमोद काहीतरी म्हणत होता, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. बाटली आणून तिने मागच्या नालीत ओतली. सगळं मागचं अंगण त्या गोड वासाने भरून गेलं, आणि नालीच्या घाणीत मिसळून तो असा काही झाला की मी तोंडावर ओढणी धरली. बाटली रिकामी झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"वाट ना. थांबली कायले?"

मी पत्रकं वाटली.

शहरात काकांचं हसं झालं. चौकात लोक विचारत, काका, पोरीच्या हॉटेलात गेले तेव्हा नाक घरी ठेवून गेले होते का? काका म्हणत, हो बाप्पा, घरीच राहिलं होतं. पहिल्या ताटाचं बोलावणं येणं बंद झालं. शर्टाला इस्त्री करायचं कारण संपलं. माझ्याशी ते नीट बोलत, पण स्कूटरवर पुन्हा बसले नाहीत. आणि मीही बसा म्हटलं नाही. ज्या माणसाने मला खाल्ल्याशिवाय लिहू नको म्हणून शिकवलं, त्याने खाऊन खोटं सांगितलं, हे माझ्या घशातून उतरत नव्हतं.

रंजूताईने बापाला विचारलं का, मला माहीत नाही. विचारलं असेल तर बंद दाराआड. पण काही दिवसांनी काका हॉटेलच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. पाटीवरचं 'चिन्नोर' रंगाने पुसलं होतं, तरी खालून अक्षरं दिसत. गाड्या थांबत, लोक उतरत आणि त्या थाळीची चौकशी करत. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही की त्यातले कितीतरी धान पिकवणाऱ्या गावांचेच असत. आंधळगावच्या बाजूची एक बाई माझ्यासमोर म्हणाली की पयले इथल्या भाताले कसा मस्त वास होता, आता काहून नाही? जिच्या अंगणात धान मळतात, तिला अत्तर हवं होतं.

काका खुर्चीतून उठले. उठून उभं राहून ते तिला म्हणाले, "तो वास खोटा होता, बाई. बाटलीतला होता. म्या माह्या पोरीसाठी खरा म्हणून सांगतला होता."

ती बाई नवऱ्याला घेऊन परत गाडीत बसली. प्रमोद आतून बघत होता. काका पुन्हा खुर्चीत बसले आणि पुढच्या गाडीची वाट पाहू लागले. विचारणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत, आवाज न चढवता, शब्द न बदलता. कोणी हसे, कोणी निघून जाई. कोणी ट्रकवाला म्हणे, जाऊ दे बाबा, जो आहे तो वाढ. रंजूताईने त्यांना एकदाही उठवून आत नेलं नाही.

उन्हाळ्यात काका गेले. आजारपण फार नव्हतं. दोन दिवस खुर्ची रिकामी होती, तिसऱ्या दिवशी निरोप आला. मी गेले, उभी राहिले, परत आले. माझा राग गेला आहे असं मी लिहिणार नाही, कारण गेलेला नाही. त्या दिवशी त्यांनी पोरीच्या तोंडाकडे बघून 'रिजेक्ट' हा शब्द गिळायला नको होता. ती त्याच शब्दाची वाट बघत होती.

हॉटेल चालू आहे. पुण्याला कोणी गेलं नाही. प्रमोद आता स्वतः गावोगाव जाऊन तांदूळ बघून आणतो. गर्दी नसते. परवा मी तिथे होते तेव्हा नागपूरची एक गाडी थांबली आणि कोणीतरी दारातूनच विचारलं की ती चिन्नोर थाळी इथेच मिळायची ना. गल्ल्यावरून रंजूताईने मान वर केली.

"ते खोटं होतं," ती म्हणाली. "सादा भात आहे. गरम आहे. बसता का?"

ते बसले.