नूरबीच्या गोधडीखालचं हँडल

आमच्या शिरूरच्या घराशेजारी नूरबी राहायची. तिचा नवरा शेखलाल दौंड स्टेशनवरचा माल नगरला नेणारा ट्रक चालवायचा. त्या काळी पुढून लोखंडी हँडल फिरवल्याशिवाय ट्रक सुरू होत नसे.

त्याचा जोडीदार चांदभाई चालवता चालवता झोपला आणि ट्रकसकट नाल्यात गेला. त्याला माती देऊन महिनाही झाला नव्हता. अशात शेखलाल सलग दोन रात्री जागून सकाळी घरी आला आणि हातात घास तसाच ठेवून झोपला. नूरबीनं त्याचा हात पुसला. मग ट्रकमधलं हँडल आणून उंबऱ्याशी ठेवलं, वर गोधडी अंथरली आणि जपाची तसबी घेऊन त्यावर बसली.

ट्रकचा मालक ओरडतच आला. "उठव त्याला! चहा पाज!"

"चांदभाईलाबी चहाच पाजला व्हता, शेटजी."

"मग हँडल दे. दुसरा ड्रायव्हर आणतो."

"ते माझ्याखाली हाय. मी अल्लाचं नाव घेतीया, मधी उठायची न्हाई."

"कवा संपायचं तुझं नाव घेणं?"

"त्यांचा डोळा उघडला की."

मी आमच्या दारातूनच देवाला म्हटलं, हिला उठू देऊ नकोस. नाव घेणाऱ्या बाईला हात लावायची मालकाची छाती झाली नाही. तो चरफडत ओट्यावर बसला आणि थोड्या वेळानं स्वतःच घोरू लागला.

उन्हं कलल्यावर शेखलाल उठला, मालकही जागा झाला. नूरबीनं हँडल त्याच्या हातात दिलं, पण बोलली मालकाकडं बघून.

"झोप आली की गाडी उभी करायची. न्हाईतर पुढल्या खेपेला ह्ये हँडल हिरीत जाईल."